हिंद क्लबची गोलकीपर

गडचांदूर
१९ सप्टेंबर २०२३

लटारूभाऊ,

सलाम. पहिले खबर, मंग बाकी. आपण जिंकलो!

चंद्रपूरची स्पर्धा आपल्या हिंद क्लबच्या पोरींनी मारली. फायनलले वर्ध्याची टीम होती. त्याईचे बूट चमकत होते, सोबत दोन दोन कोच. आपल्या पोट्ट्या विक्कीच्या पिकअपमध्ये उभ्यानं गेल्या. खेळ बरोबरीत सुटला आन् पेनल्टीवर आला. नाहीदनं दोन अडवल्या. दुसरीच्या वेळी मी डोळेच मिटून घेतले होते, लोक ओरडले तेव्हा समजलं. तू शिकवलं तसंच केलं तिनं. बॉलकडे नाई, मारणारीच्या कमरेकडे पाहत होती. मैदानाबाहेर आल्यावर पहिले काय बोलली माहीत आहे? "अब्बू, काकाले आजच पत्र टाका."

खाणीतल्या सुरुंगाच्या आवाजानं तुहे कान गेले, फोनवर तुले काही समजत नाई, आन् मोबाइलवरचं वाचायले तू तयार नाई. म्हून बसलो लिहायले. दुकानात चार गाद्या अर्ध्या भरून पडल्या आहेत. खातून ओरडून राह्यली, की कापूस उडून राह्यला आन् तुमी पत्र लिहून राह्यले.

आता पुढचं ऐक. पुढची फेरी आपल्याच मैदानावर आहे, ३ डिसेंबरले. गोंदियाची टीम येते. पस्तीस वर्षं झाली आपण दोघांनी क्लब काढल्याले, एवढी मोठी मॅच इथी कधी झाली नाई. आन् नाहीदचं नाव राज्याच्या शिबिरात आलं. जानेवारीत पुण्याले जायचं आहे. तिथून निवड झाली, तर खेळाच्या कोट्यात पोलिसात लागन अशी आशा आहे.

फक्त मैदानाची लाज वाटते. कपडे बदलायले खोली नाई, चार पोरी चादर धरतात आन् पाचवी बदलते. चुनखडीचे दगड वर आले आहेत. गादीचा कापूस भरून मी नाहीदले कोपराचे, गुडघ्याचे पॅड शिवून देल्ले, तरी रोज सोलून येते. लोकाले बसायले एक पायरी नाई. गाडी नाल्याच्या पुढं येत नाई. आता पोरी जिंकल्या तर कोणी ऐकन, म्हून स्टेडियमसाठी पुन्हा अर्ज देल्ला. तुही सही मीच मारली. रागावू नको.

तुहा
नूर मोहम्मद


सिरोंचा
३ ऑक्टोबर २०२३

नूरभाई,

तुहं पत्र पुनमले वाचून दाखवलं, आन् ती दवाखान्यात ड्युटीवर गेली तसं पुन्हा काढलं. मंग राहवलं नाई म्हून बाजूच्या घरी गेलो आन् सांगतलं, माही पोरगी जिंकली. ते तेलुगू बोलतात. मले ऐकू येत नाई, त्याईले मराठी येत नाई. त्याईनं हसून चहा पाजला.

माही पोरगी म्हणलं, तुले चालते ना? दहा वर्षांची होती तेव्हा तूच तिले हात धरून आणलं होतं. म्हणला होता, "हिले धावायचा आळस आहे, गोलात उभी कर." तिनं मले विचारलं, बॉल लागला तर किती दुखते? मी म्हणलं, गोल झाल्यावर दुखते त्यापेक्षा कमी. तिनं त्यावर विचार केला आन् जाऊन उभी राह्यली. मी चाळीस वर्षं गोलात राह्यलो, पण तिच्यासारखे हात माहे नव्हते. हे तिले सांगू नको.

तिले एवढंच सांगजो. एकटी फॉरवर्ड अंगावर आली तर लाइनवर थांबायचं नाई. पुढं यायचं आन् तिच्या पायावर पडायचं. भेलं की गोल झाला.

आन् एक तुह्यासाठी. दोन्ही खांबांच्या बुडाशी मुरूम टाकजो. लाकडाचे खांब कोणी चुलीत घातले होते तेव्हा मी भंगारातून पाइप आणले आन् स्वतःच्या हातानं सिमेंट ओतलं, तुले आठवत असन. पावसानं तिथली माती वाहून जाते आन् सिमेंट उघडं पडते. मी दरवर्षी दसऱ्याच्या आधी मुरूम टाकत होतो. तीन वर्षं झाली, लेकीच्या नोकरीपायी मी इथी आहे. कोणी टाकते का नाई, देव जाणे.

सही मारली ते ठीक केलं. पण माह्या नावातला 'टा' तू नेहमी चुकवते.

तुहा
लटारू


गडचांदूर
३० ऑक्टोबर २०२३

लटारूभाऊ,

यावेळी काही तरी होणार. क्रीडा खात्याचे साहेब आले होते! मैदानात उतरले, चारही बाजूनं फिरले, फीत धरून मोजमाप घेतलं. पोरींसोबत फोटो काढला. म्हणाले, "पायऱ्या होतील, दोन खोल्या होतील, दिवे होतील. आधी रोलर फिरवून मैदान सपाट करू." मी विचारलं, "मॅचच्या आधी?" ते म्हणाले, "आधीच. फक्त आता तुम्ही कोणी काही खोदू नका, टाकू नका. मोजमाप कागदावर गेलं आहे."

खातूननं त्याईले शेवया करून देल्या. पोरी तर आत्ताच भांडून राह्यल्या, कोणती खोली आपली आन् कोणती बाहेरच्या टीमची.

मुरमाचं ध्यानात आहे. विक्कीनं पिकअपमध्ये थोडा आणून माह्या दुकानामागं टाकला. रोलर आला की एकाच वेळी होऊन जाईन.

नाहीद रोज पहाटे उठून दोरीवर उड्या मारते. तुहा निरोप सांगतला, तर म्हणली, "काका समजतात मी भेते का?" तू ये ना मॅचले. पुनमले सुट्टी नसन, तर मी विक्कीले आष्टीपर्यंत पाठवतो. तू गोलामागं खुर्ची टाकून बस. ऐकायचं तिथी काही नसते, पाहायचंच असते.

नूर


सिरोंचा
२२ नोव्हेंबर २०२३

नूरभाई,

येणं होत नाई. कानामुळं मले चक्कर येते. मागच्या आठवड्यात अंगणात पडलो. पुनम म्हणते, एवढ्या लांबच्या बसमध्ये एकट्याले सोडणार नाई. तिच्या सायबानं सुट्टी देल्ली नाई.

मॅच झाली की त्याच दिवशी लिहायले बस. गोल कोणी मारला ते नाई, नाहीदनं काय केलं ते लिही. कुठी उभी होती, बॉल कोणत्या बाजूनं आला, हातात धरला का बाहेर मारला. बारीक बारीक लिही. मी इथी बसून पाहीन.

लटारू


सिरोंचा
२८ डिसेंबर २०२३

नूरभाई,

मॅच होऊन पंचवीस दिवस झाले. तुहं पत्र नाई. पोस्टमन दुरून दिसला की मी फाटकापाशी जातो, तो हात हलवून पुढं निघून जाते.

हरलो का आपण? हरलो तर हरलो. त्यात न लिहिण्यासारखं काय आहे? पुनमले म्हणलं, खातूनबाईले फोन लाव. ती म्हणते लावला होता, सगळे ठीक आहेत, कामात आहेत. तिचं तोंड मले बरोबर वाटलं नाई, पण तिचंही काम वाढलं आहे आजकाल.

नाहीदची पुण्याले जायची तयारी झाली का? थंडी असते तिथी. तुह्या हातची एक पातळ रजाई देजो सोबत.

लटारू


गडचांदूर
१४ जानेवारी २०२४

लटारूभाऊ,

उशीर झाला, माफ कर. तब्येत बरी नव्हती.

मॅच आपण जिंकलो. एक शून्य. पण पुढच्या फेरीले टीम पाठवली नाई. पोरींच्या घरचे तयार झाले नाईत.

नाहीद आता खेळत नाई. घरीच असते. पुण्याले गेली नाई.

यंदा कापूस चांगला आला कोरपन्याकडं, पण गादी भरून घेणारे कमी झाले. लोक फोमच्या गाद्या आणतात. खातूनचे गुडघे दुखतात.

तू काळजी घे. अंगणात एकटा फिरू नको.

नूर


सिरोंचा
२३ जानेवारी २०२४

नूर मोहम्मद,

तुहं पत्र आलं. नाई आलं असतं तर बरं झालं असतं.

"घरीच असते" म्हणजे काय? जिंकलेल्या टीमची गोलकीपर घरी काऊन असते? शिबिराची चिठ्ठी आलेली पोरगी पुण्याले काऊन गेली नाई? तू एका ओळीत लिहून टाकलं आन् मंग मले कापसाचा भाव सांगतला!

मले समजत नाई असं समजू नको. पोरगी एकवीस वर्षांची झाली, नाव पेपरात आलं, फोटो छापला, आन् तुह्या लोकाईनं तुले दोन गोष्टी ऐकवल्या. कोणी तरी स्थळ आणलं असन. तू मान खाली घातली आन् पोरीले घरात बसवलं. बाकीच्या पोरींच्या घरच्याईनंही तेच केलं असन, तुहं पाहून.

पस्तीस वर्षं मी लोकाले सांगत आलो, नूरभाई तसा नाई. माह्या घरी, माह्या भावकीत, जो कोणी तुमच्याबद्दल काही बोलला त्याच्याशी भांडलो. शेवटी तू बी तसाच निघाला.

आठ वर्षं मी त्या पोरीले घडवलं. तिचे हात तुहे नव्हते, माहे होते. ते तू घरात कोंडले.

मले पत्र लिहू नको.

लटारू टोंगे


गडचांदूर
१२ फेब्रुवारी २०२४

लटारूभाऊ,

लिहू नको म्हणलं तू, तरी हे एक लिहितो.

तू लिहिलं ते वाचलं. मी त्यावर काही म्हणत नाई. पोरगी घरात आहे हे खरं आहे.

मागच्या आठवड्यात रोलर आला. मैदान एकदम सपाट झालं, परातीसारखं. मंग चारही बाजूनं तार लावली, फाटक लावलं आन् फाटकाले कुलूप. पाटी आहे, नियोजित क्रीडासंकुल म्हून. आत कोणी जात नाई.

तुह्या कानाचं चंद्रपूरच्या डॉक्टरले विचारलं होतं. ते म्हणतात, चक्कर येते तर झोपून उठताना आधी बसायचं, मंग उभं राह्यचं. तेवढं करजो.

नूर मोहम्मद


गडचांदूर
२० मे २०२४

लटारू काका,

मी नाहीद. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. मला प्रत्येक गोष्टीची डावी बाजू दिसत नाही. ओळ कुठून सुरू होते तेच सापडत नाही, म्हणून कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवून लिहिते. हे पत्र चार दिवसांपासून लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात अम्मीनं अब्बूंची उशी पिंजायला उसवली. कापसात तुमचं जानेवारीचं पत्र निघालं. अब्बू रोज त्यावर डोकं ठेवून झोपत होते. मी ते वाचलं, मला वाचायला वेळ लागतो, तरी दोनदा वाचलं.

काका, मला कोणी घरात बसवलं नाही. कोणतंही स्थळ आलं नव्हतं. तुम्हाला मॅचचं बारीक बारीक हवं होतं ना? मी सांगते.

३ डिसेंबरला सगळं गाव आलं होतं. कोरपन्याहून, नांद्याहून लोक आले होते. बसायला जागा नव्हती म्हणून लाइनीला खेटून उभे होते. आपण एक गोलनं पुढे होतो. दहा मिनिटं उरली होती. त्यांची फॉरवर्ड माझ्या उजव्या कोपऱ्याकडून आत आली, खांबाच्या अगदी जवळून. बाकी कोणी नव्हतं, ती आणि मी. तुम्ही सांगितलं होतं, लाइनवर थांबायचं नाही. मी थांबले नाही. तिच्या पायांवर पडले आणि बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला. तो सुटला नाही, काका. पण खड्यांवरून मी घसरत गेले आणि डोक्याची मागची बाजू खांबाच्या सिमेंटवर आदळली.

पुढचं मला नंतर सांगितलेलं आहे. गाडी मैदानापर्यंत येत नाही म्हणून खाटेवर घालून नाल्यापर्यंत नेलं. तिथून विक्कीची पिकअप, मग चंद्रपूर, मग नागपूर. अकरा दिवस मी शुद्धीत नव्हते. डोळे चांगले आहेत, पण डोक्यात मागे जिथं दिसण्याचं काम होतं तिथं मार लागला आहे. ते परत येण्याची आशा फार थोडी आहे, असं डॉक्टर म्हणाले. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. दाराला खांदा लागतो. शिबिरात माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. बाकीच्या मुलींना घरच्यांनी पाठवलं नाही ते त्या दिवशी मला खाटेवर पाहिलं म्हणून.

पुनमताईंना सगळं माहीत आहे. अब्बूंनी त्यांना शपथ घातली होती. अब्बू म्हणतात, "ते खांब लटारूनं गाडले होते. त्याले समजलं तर तो जगणार नाई." म्हणून ते गप्प राहिले आणि तुमचं सगळं ऐकून घेतलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. खांब नसते तर मी गोलकीपर झालेच नसते. पण अब्बूंना जे लिहिलंत ते तुम्ही कसं लिहिलंत? आमच्या घरात मोठे झालेले वाटावे इतके तुम्ही आमचे. बाहेरचा कोणी म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं.

हे पत्र मी अब्बूंना न सांगता पाठवते आहे.

नाहीद


सिरोंचा
२९ मे २०२४

नाहीद बेटा,

पत्र मिळालं.

मंगळवारच्या बसनं निघतो. पुनम सोबत येते, आष्टीपासून पुढं मी एकटा येईन. अब्बूले सांगू नको. सांगतलं तर तो घ्यायले येईन, आन् मी त्याच्या तोंडाकडं रस्त्यात पाहू शकणार नाई.

लटारू काका


गडचांदूर
१८ जून २०२४

लटारूभाऊ,

तू चार दिवस राह्यला आन् गेला. आपण दोघं एका खाटेवर बसलो, चहा प्यालो, तारेपाशी जाऊन ते सपाट मैदान पाहून आलो. पण बोललो काहीच नाई. तू आल्या आल्या माह्या पायाले हात लावायले वाकला, खातून रडायले लागली, मी तुले उचलून धरलं. तुले वाटलं मी तुले माफ केलं. सगळ्याईले तसंच वाटलं.

मले तुले एक सांगायचं होतं. पण तुले सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागते, आन् नाहीद ओसरीवर बसली होती. म्हून लिहितो.

तू मुरूम टाकायले लिहिलं होतं. मुरूम माह्या दुकानाच्या मागं महिनाभर पडून होता. दोन घमेल्यांचं काम होतं. साहेब म्हणाले टाकू नका, तर मी नाई टाकला. मले वाटलं, मी हात लावला आन् कुठी कागद अडला तर? मले ते स्टेडियम पायजे होतं, लटारू. पोरींसाठी म्हणतो मी, पण मलेही पायजे होतं. उद्घाटनाले आपण दोघं पहिल्या रांगेत बसलो आहे, असं मी कित्येकदा पाहिलं होतं.

हे बी नाई खरं दुखणं. मॅचच्या दिवशी सकाळी मी चुन्यानं लाइन मारायले गेलो. उजव्या खांबापाशी वाकलो तर सिमेंट वीतभर वर आलेलं दिसलं. मी ते पाहिलं. चांगलं पाहिलं. दुकान पाच मिनिटांवर होतं. पण लोक यायले लागले होते, साहेबासाठी खुर्च्या आणायच्या होत्या. मी पायानं थोडी माती सरकवली आन् निघून गेलो.

घरी सगळ्याईले सांगतलं, लटारूले त्रास होईन म्हून लपवून राह्यलो. अर्धं खरं होतं ते. अर्धं हे होतं, की तू आला असता तर पहिले हेच विचारलं असतं, "मुरूम टाकला होता का?"

तुहं ते पत्र आलं तेव्हा मी दुकानाचं दार लावून वाचलं. तू मले जे बोलला ते मी केलं नव्हतं. म्हून ते सहन झालं. जे केलं होतं त्यासाठी कोणी बोललं असतं, तर सहन झालं नसतं.

नाहीदले हे मी सांगतलं नाई. तुलेच पहिल्यांदा लिहून राह्यलो. आता तू काय म्हणशीन ते म्हण.

नूर


सिरोंचा
२७ जून २०२४

नूरभाई,

तुहं पत्र येऊन तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मले राग आला, खोटं काऊन बोलू. तू समोर असता तर मी तुले मारलं असतं. दुसऱ्या दिवशी मले माहं आठवलं.

ते खांब गाडले तेव्हा खड्डा कमरेएवढा खोदायचा होता. गुडघ्यापर्यंत गेलो आन् खाली दगड लागला. दगड फोडायचा तर सुट्टी काढावी लागली असती. मी तिथीच थांबलो, आन् खांब हलू नये म्हून सिमेंटचा पाय मोठा केला. जमिनीत बसायले पायजे होता तो पाय वरच राह्यला. दरवर्षी मुरूम मी काऊन टाकत होतो? मले माहीत होतं म्हून. तुले कधी सांगतलं नाई. लोक म्हणत होते, लटारूनं काय पक्के खांब गाडले, आन् मी ऐकून घेत होतो. तेव्हा मले ऐकू येत होतं.

म्हून माफीचं तू मले विचारू नको, मी तुले विचारत नाई. आपण दोघं त्या खांबापाशी उभे होतो, तू एका सकाळी, मी इतकी वर्षं. पण जे मी तुह्या लोकाईबद्दल लिहिलं, त्यात कोणत्याही खांबाचा, मुरमाचा दोष नाई. ते माह्याच पोटातून निघालं. मले माहीत नव्हतं ते तिथी आहे. त्याचं काय करावं, मले समजत नाई. तेवढी एक गोष्ट तू मले माफ करू नको, निदान लवकर नको.

नाहीदले मात्र मुरमाचं तुले सांगावं लागन. मी सांगणार नाई.

आता एक गोष्ट, जी तुले माहीत नाई. मी निघायच्या आदल्या दिवशी तू जुम्म्याच्या नमाजले गेला होता, खातूनबाई बाजारात. नाहीद वही घेऊन माह्यापाशी आली. त्यात लिहिलं होतं, "काका, बॉल टाका." मी नाई म्हणलं. तिनं बॉल माह्या मांडीवर ठेवला आन् अंगणात भिंतीपाशी जाऊन उभी राह्यली.

मी उजवीकडून टाकला. हळूच. तिनं धरला. पुन्हा टाकला, धरला. हात तेच आहेत, नूरभाई, काही गेलं नाई हाताचं. मंग तिनं डावा हात बाजूले पसरला आन् मले दाखवलं, इकडून. मी टाकला. बॉल तिच्या कानाजवळून गेला आन् मागं भिंतीले लागला. ती तशीच उभी होती, समोर पाहत, जसा काही मी अजून टाकलाच नाई. भिंतीचा आवाज आला तेव्हा तिनं वळून पाहिलं. आवाज मले आला नाई. तिचं तोंड पाहून समजलं.

तिनं पुन्हा हात पसरला. मी पुन्हा टाकला. मले थांबायचं होतं, ती थांबू देत नव्हती. मान डावीकडं फिरवायची, मंग बॉल निघून गेलेला असायचा. एक तिच्या बोटाले लागला आन् खाली पडला. एक खांद्यावर बसला. बाकी सगळे गेले.

मंग ती खाली बसली. मी जाऊन तिच्या बाजूले बसलो. ती रडली. खातूनबाई म्हणली होती, नागपूरहून आल्यापासून ती एकदाही रडली नाई. त्या दिवशी रडली आन् रडता रडता बोलायले लागली. खूप वेळ बोलली. ओठ थरथरत होते, हात हलत होते, कधी मैदानाकडं बोट दाखवलं, कधी दुकानाकडं. मी फक्त मान हलवत राह्यलो. एक शब्द मले ऐकू आला नाई.

वही तिच्या हाताशीच होती. तिनं ती उचलली नाई.

घरी येऊन मी बरेच दिवस यावर विचार केला. तिले जे बोलायचं आहे ते ती तुह्यासमोर बोलू शकत नाई, खातूनबाईसमोर बोलू शकत नाई. बोललेलं ज्याले लागत नाई, ऐकूच येत नाई, असा माणूस तिले पायजे.

पुनमशी बोललो आहे. ती नाराज आहे, पण सोडते म्हणली. तुह्या दुकानाच्या मागं जी खोली आहे तिच्यातला कापूस काढून ठेव. पुढच्या महिन्यात सामान घेऊन येतो.

लटारू